भीमाकांठाहून वेळासच्या किनाऱ्याला

शिरूर तालुक्यांतील वडगांव रासाई हें आमचें गांव. गांवाशेजारून भीमा वाहते. पैलतीरीं दौंड तालुका. रासाई देवीच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या या गांवांत आमच्या घराण्याच्या कित्येक पिढ्या नांदल्या. आतां आमच्यापैकीं निम्मीं माणसें पोटापाण्यासाठीं पुण्यास असतात; तथापि सणावारीं, कुलधर्माला आणि उन्हाळ्याच्या सुटींत सर्व मंडळी गांवच्या घरीं जमतात. अशा नदीकांठच्या माणसांनीं समुद्रकांठच्या कासवांचें वर्णन करावयास बसावें, याचें वाचकांस नवल वाटेल. म्हणून आम्ही कोंकणांत कां गेलों, तें प्रथम सांगणें प्राप्त आहे.

त्याचें असें झालें. आमचा एक पुतण्या एका मोठ्या कंपनींत नोकरीस आहे. २०१३ सालच्या कंपनी कायद्याप्रमाणें ठराविक मर्यादेहून मोठ्या कंपन्यांस आपल्या मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यापैकीं निदान शेंकडा दोन इतकी रक्कम लोकोपयोगी कामांकडे लावावी लागते. आणि त्या कामांच्या यादींत निसर्गाचें व वन्य प्राण्यांचें रक्षण हेंहि आहे. त्याच्या कंपनीच्या प्रतिष्ठानाची इच्छा अशी कीं, भीमेच्या कांठीं झाडें लावावीं, कांठावर सांचणारा केरकचरा काढवावा, आणि आम्हीं त्याकरितां आमची नदीलगतची पडीक जमीन वापरूं द्यावी. खर्च सर्व त्यांचा. फक्त जागेवर प्रतिष्ठानाच्या नांवाचा फलक लावावयाचा. पुतण्यानें ही सूचना गेल्या संक्रांतीस घरांत मांडली आणि तिळगुळाच्या दिवशींच घरांत वाद पेटला.

आमचे थोरले बंधू अण्णा म्हणाले, “तीन वर्षांनीं तुझे साहेब दुसऱ्या गांवीं जातील, झाडें वाळून जातील, आणि आमच्या जमिनींत उरेल तो लोखंडी फलक!”

पुतण्या सहसा उलट बोलत नाहीं, पण त्या दिवशीं बोलला. “अण्णाकाका, पैसा नाहीं म्हणून आपण इतकीं वर्षें नदीकडे पाठ करून बसलों. आतां पैसा येतो आहे, तर तुम्हांला फलक खुपतो!”

दोघांचेंहि बोलणें खरें होतें, आणि म्हणूनच कोणीं माघार घेईना. चार दिवस काका-पुतणे एका पंगतीला बसत, पण एकमेकांशीं अक्षर बोलत नसत. अखेर आमच्या आत्याबाईंनीं तोड काढली. त्या म्हणाल्या, “सोयरीक करण्यापूर्वीं आपण दुसरीं दोन घरें पाहतों ना? ज्या गांवानें आपल्या हातीं असें काम चालवून दाखविलें आहे, तें गांव पाहून या. मग भांडा.” पुतण्यानें रत्नागिरी जिल्ह्यांतील वेळासचें नांव काढलें, आणि मार्च २०२५ च्या उत्तरार्धांत, फाल्गुन वद्यांत, आत्याबाईंसह आम्ही अकरा माणसें निघालों.

पुण्याहून ताम्हिणीचा घांट उतरून आम्ही माणगांवास आलों आणि म्हसळ्यावरून श्रीवर्धनास पोंचलों. घांटमाथ्यावर वाळलेलें गवत, आणि खालीं उतरतांच आंब्याच्या मोहोराचा दरवळ व अंगाला चिकटणारी खारी हवा. हरिहरेश्वराचें दर्शन घेऊन बागमांडल्यास फेरीबोट गांठली. बोटींत माणसांबरोबर मोटारीहि चढतात, याचें मुलांना अपार कौतुक. सावित्रीची खाडी ओलांडून वेशवीस उतरलें कीं आपण रत्नागिरी जिल्ह्यांत येतों. मग बाणकोटच्या किल्ल्याला वळसा घालून रस्ता वेळासला जातो.

श्रीवर्धन आणि वेळास हीं खाडीच्या दोन अंगांचीं गांवें मराठ्यांच्या इतिहासांत जोडीनें येतात. श्रीवर्धनचे बाळाजी विश्वनाथ भट सिद्दीच्या जाचामुळें देशावर आले, तेव्हां वेळासचे भानू त्यांच्या सोबतीस होते. भट १७१३ सालीं पेशवे झाले, आणि भानूंच्या घराण्यांत पुढें नाना फडणीस निपजले. नानांचा जन्म १७४२ सालीं साताऱ्यास झाला; परंतु त्यांचें मूळ गांव हेंच. गांवांत महालक्ष्मीचें देऊळ आहे आणि नानांचा पुतळाहि आहे. अण्णांनीं पुतळ्यास नमस्कार केला व म्हणाले, “हिशेबाचा माणूस. आपल्या कामाला हा साक्षी बरा.”

वेळासला मोठीं हॉटेलें नाहींत. नारळी-पोफळीच्या वाड्यांतून वसलेल्या घरांतच पाहुण्यांची सोय होते. आम्ही ज्यांच्याकडे उतरलों, त्या घरच्या सासू-सुनांनीं ओसरीवर पानें मांडून कुयरीची भाजी, सोलकढी आणि उकडीचे मोदक वाढले. आमच्या वहिनींनीं आंत जाऊन मोदकांच्या उकडीचें माप विचारून घेतलें, आणि अर्ध्या घटकेंत पाहुणे व यजमान हा भेद उरला नाहीं.

आतां कासवांची हकीकत. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर अंडीं घालावयास येतें तें मुख्यतः ‘ऑलिव्ह रिडले’ नांवाचें समुद्री कासव. मादी रात्रीं भरतीच्या रेषेच्या वर वाळूंत चढते, मागील पायांनीं हात-सव्वाहात खोल खळगा करते, त्यांत शंभराच्या आसपास अंडीं घालते, वाळू लोटून खळगा बुजविते आणि उजाडण्यापूर्वीं समुद्रांत निघून जाते. पुन्हां त्या जागीं ती येत नाहीं. पिलांचें तोंडहि पाहत नाहीं. पंचेचाळीस ते साठ दिवसांनीं पिलें वाळूंतून आपलीं आपण वर येतात. अशा हजार पिलांतून एखादेंच मोठेपणीं उरतें असें म्हणतात. मुलीनें बाळंतपणासाठीं माहेरीं यावें आणि मूल माहेरींच ठेवून परतावें, तसा हा प्रकार. आणि मादी पुष्कळदां आपण जन्मलों त्याच मुलखाच्या किनाऱ्याकडे परत येते, म्हणून माहेर हा शब्द येथें अलंकार म्हणून योजिलेला नाहीं.

परंतु हें माहेर एके काळीं फार वाईट होतें. चिपळूणच्या ‘सह्याद्रि निसर्ग मित्र’ या संस्थेचे भाऊ काटदरे व त्यांचे सहकारी २००२ सालीं समुद्रगरुडांच्या घरट्यांची पाहणी करीत किनाऱ्यानें हिंडत होते. तेव्हां वेळासच्या वाळूंत त्यांना कासवाच्या अंड्यांचीं टरफलें दिसलीं. चौकशी करतां समजलें कीं, येथें कासवें दरवर्षीं येतात, पण त्यांचीं अंडीं माणसें काढून नेतात. कांहीं खाल्लीं जातात, कांहीं विकलीं जातात. माणसांच्या हातून वांचलीं तर कोल्हीं-कुत्रीं उकरतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत हा प्राणी आहे, म्हणजे त्यास कायद्याचें सर्वांत मोठें संरक्षण आहे. पण कायदा कागदावर होता, आणि अंधाऱ्या रात्रीं किनाऱ्यावर शिपाई नव्हता.

संस्थेनें फिर्याद केली असती तर चार गरीब माणसें पकडलीं गेलीं असतीं आणि पांचवा अधिक सावध झाला असता. त्यांनीं तसें केलें नाहीं. ते गांवकऱ्यांशीं बोलत राहिले, आणि ज्यांना किनारा घरच्या अंगणासारखा ठाऊक आहे अशांनाच रखवालीला घेतलें. पहिल्याच हंगामांत सुमारे ५० घरटीं राखलीं गेलीं. पुढें २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. पिलें समुद्रांत जातांना पाहावयास शहरांतील माणसें येऊं लागलीं, गांवकऱ्यांच्या घरीं उतरूं लागलीं, आणि ज्या अंड्याची किंमत पूर्वीं बाजारांत ठरत होती, तें जागच्या जागीं राहिलें तरच घरांत चार पैसे येतात, हें गांवाच्या ध्यानांत आलें. क्रमाक्रमानें काम गांवकऱ्यांच्या आणि वनखात्याच्या हातीं आलें. आज रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या तिन्ही जिल्ह्यांच्या किनाऱ्यांवर गांवोगांवचे ‘कासवमित्र’ पहांटे वाळू तुडवीत असतात.

काम कसें चालतें तें आम्हीं पाहिलें. मादीच्या पावलांचा माग वाळूवर ट्रॅक्टरच्या चाकासारखा उमटतो. त्या मागानें जाऊन घरटें शोधावयाचें, अंडीं हलक्या हातानें मोजून काढावयाचीं, आणि सुरक्षित अशा कुंपणांत तितक्याच खोलीचा खळगा करून त्यांत ठेवावयाचीं. प्रत्येक खळग्यापाशीं तारीख व अंड्यांची संख्या लिहिलेली पाटी असते. पिलें निघण्याचे दिवस भरत आले कीं त्यावर टोपली पालथी घालतात, आणि सकाळ-संध्याकाळ ती उचलून पाहतात. अण्णांनीं सर्व पाट्या वाचल्या. “जमाखर्च स्वच्छ आहे,” एवढेंच ते म्हणाले.

पहिल्या संध्याकाळीं मात्र आमची निराशा झाली. सुरूच्या झाडांपलीकडे दोरी बांधली होती. तिच्या अलीकडे पन्नास-साठ माणसें उभीं. एकेक टोपली उचलली गेली. एकाहि टोपलीखालीं पिलूं नव्हतें. गर्दींतील एका गृहस्थांनीं तक्रार केली कीं, आम्ही इतक्या लांबून पैसे खर्चून आलों, जरा उकरून तरी पाहा. रखवालदार नम्रपणें पण ठामपणें नाहीं म्हणाला. पिलूं आपल्या वेळेनें येईल. पाहुण्यांच्या वेळेनें नाहीं. आमच्या अण्णांना हा नकार फार आवडला. परतीच्या वाटेवर ते पुतण्याला म्हणाले, “पैसे देणाऱ्याला नाहीं म्हणतां आलें पाहिजे. तुझ्या प्रतिष्ठानाला नाहीं म्हणण्याची सोय आम्हांला आहे का, तें पाहा.” संक्रांतीनंतर त्यांचें पुतण्याशीं हें पहिलें सरळ बोलणें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं सातच्या सुमारास एका टोपलीखालीं वाळू हललेली दिसली. तळहातावर मावतील अशीं काळसर सतरा पिलें बाहेर आलीं. त्यांना पाण्यापासून कांहीं हात अंतरावर वाळूंत ठेवलें. हातानें पाण्यांत सोडीत नाहींत. त्यांचीं तीं चालावीं लागतात. पिलें उजेडाच्या दिशेनें जातात. रात्रीं समुद्राचें पाणी जमिनीहून उजळ असतें, म्हणून तीं समुद्राकडे वळतात. किनाऱ्यावर विजेचे दिवे असले तर तीं फसून उलट्या बाजूस जातात. आमच्यांतील सहा वर्षांची नात दोरीला धरून श्वास रोखून उभी होती. एक पिलूं लाटेनें उलटें पडलें, पुन्हां सुलटें झालें, पुन्हां लाटेनें मागें ढकललें. तिसऱ्या लाटेनें तें नेलें. कोणी टाळ्या वाजविल्या नाहींत. आत्याबाईंनीं मात्र पदर डोळ्यांस लावला.

दुपारीं ओसरीवर बोलणें निघालें तें पैशाचें. पुतण्यानें गुजराथची गोष्ट सांगितली. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर व्हेल शार्क हा जगांतील सर्वांत मोठा मासा येतो. कोळी त्याची तेलासाठीं व मांसासाठीं शिकार करीत. २००१ सालीं त्यास कायद्याचें संरक्षण मिळालें. २००४ सालीं टाटा केमिकल्स ही कंपनी, वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया ही संस्था आणि गुजराथचें वनखातें यांनीं मिळून मोहीम उघडली. कथाकार मोरारीबापूंनीं कोळ्यांना सांगितलें कीं, हा मासा म्हणजे बाळंतपणाला माहेरीं येणारी लेक आहे. तिला मारूं नका. त्याला ‘व्हाली’ म्हणजे लाडकी असें नांव पडलें. जे कोळी भाले फेंकीत, तेच आपलीं जाळीं कापून मासा मोकळा करूं लागले. फाटल्या जाळ्याची भरपाई सरकार देऊं लागलें. आजवर असे शेंकडों मासे सुटले आहेत. आपल्या राज्यांतहि डिसेंबर २०१८ पासून, संरक्षित प्राणी जाळ्यांत सांपडला व कोळ्यानें जाळें कापून सोडला, तर २५,००० रुपयांपर्यंत भरपाईची सोय झाली आहे.

“पाहा काका,” पुतण्या म्हणाला, “तेथें कंपनीचा पैसा होताच.”

“होता,” अण्णा म्हणाले, “पण जाळें कोणीं कापलें?”

आम्हांस वाटतें, सर्व प्रश्नाची गुरुकिल्ली या एका उत्तरांत होती. मुंबईंत विक्रोळीस गोदरेज घराण्यानें ठाण्याच्या खाडीकांठचें कांदळवन आज कित्येक दशकें जतन केलें आहे, आणि तें मोठें काम आहे. पण ती जमीन त्यांच्या ताब्यांतील. समुद्राचा किनारा किंवा नदीचा कांठ कोणा एकाचा नसतो. तेथें धनको पाहारा करूं शकत नाहीं. तो पाहारेकऱ्याच्या पोटाची सोय करूं शकतो, जाळ्याची किंमत भरून देऊं शकतो, शास्त्रज्ञ आणूं शकतो. जाळें कापण्याचें मन त्यास विकत घेतां येत नाहीं. तें मन गांवाचें असेल तर परक्याचा पैसा कामीं येतो; नसेल तर अण्णा म्हणाले तसा फलकच उरतो.

वेळासचें सर्व निर्वेध आहे असेंहि नाहीं. अंड्यांभोंवतींची वाळू किती तापते यावर पिलूं नर होणार कीं मादी हें ठरतें. वाळू अधिक तापली तर माद्याच निपजतात, आणि त्याहून तापली तर अंडीं आंतच नासतात. उन्हाळे कडक होत चालले आहेत, आणि त्यावर एकट्या गांवाचा इलाज चालत नाहीं. शिवाय कासव फुप्फुसानें श्वास घेतें. मोठ्या जहाजांच्या ओढजाळ्यांत तें फार वेळ अडकलें तर गुदमरून मरतें. किनाऱ्यावर कितीहि राखलें तरी समुद्रांत तें दुसऱ्यांच्या हातीं.

संध्याकाळीं भरतीच्या रेषेवरून फिरतांना नातीला वाळूंत अर्धी पुरलेली प्लास्टिकची पिशवी सांपडली. आंत सुकलेल्या फुलांचा दोरा होता. तिनें विचारलें, “आजी, ही आपल्या नदीनें आणली का?”

आत्याबाई चपापल्या. आम्हीं नातीला सांगितलें कीं, भीमा भीमाशंकराला उगवते. तेथल्या कड्यावरून खालीं कोंकण दिसतें, तरी ती पूर्वेकडे वळते, आपल्या गांवावरून उजनीस व पंढरपुरास जाते, पुढें कृष्णेस मिळते, आणि कृष्णा आंध्रांत बंगालच्या उपसागराला. या समुद्रांत आपलें पाणी येत नाहीं. आत्याबाईंचा जीव खालीं पडलासा दिसला. पण जवळ उभ्या असलेल्या गांवच्या एका तरुणानें हंसून सांगितलें, “मावशी, पाणी येत नाहीं, पण कासव जातं.” फेब्रुवारी २०२३ मध्यें गुहागरच्या किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर उपग्रहास ठावठिकाणा कळविणारें यंत्र बसविलें होतें, तिचें नांव बागेश्री. ती केरळ ओलांडून, श्रीलंकेस वळसा घालून थेट बंगालच्या उपसागरांत गेली. कृष्णेच्या मुखाशीं जो समुद्र, तोच.

त्यावर आत्याबाई बराच वेळ बोलल्या नाहींत. रात्रीं निजतांना त्यांनीं तो विषय काढला. गणपतींत, नवरात्रांत, श्रावणी सोमवारीं आमच्या घरचें निर्माल्य पिशवींत बांधून भीमेंत सोडण्याचा रिवाज आहे. पूर्वीं तें केळीच्या पानांत असे. मग पिशवी केव्हां आली तें कोणासहि आठवेना. भीमेंत पडलेलें सर्वच समुद्रापर्यंत जातें असें नाहीं. वाटेंत उजनीचें धरण आहे, आणि पुष्कळसें कांठींच अडकून राहतें. पण सोडणारे हात आमचेच. आत्याबाई म्हणाल्या, “कंपनीच्या पैशानें कचरा काढवायचा, आणि घरच्या हातानें टाकायचा, हें रासाईला कसं आवडेल?”

आम्ही परतलों तें भांडण मिटवून नव्हे, तर नीट मांडून. घरच्या बैठकींत ठरलें कीं जमीन द्यावी, पण तीन अटींवर. झाडांची निगा व कांठाची राखण गांवच्याच माणसांकडे, विशेषतः ज्यांना शेतीच्या हंगामानंतर काम नसतें त्यांच्याकडे असावी. आलेल्या प्रत्येक रुपयाचा हिशेब ग्रामसभेंत वाचला जावा. आणि पैसा थांबल्यावर चौथ्या वर्षीं राखण कोण व कशी करणार, हें पहिल्याच वर्षीं लिहून ठेवावें. फलकाबद्दल अण्णांनीं हट्ट सोडला. गांवाचें नांव वर आणि मोठें, प्रतिष्ठानाचें खालीं, एवढेंच म्हणाले. पुतण्यानें पत्र लिहून पाठविलें. पहिल्या दोन अटी मान्य झाल्या. तिसरीचें उत्तर अद्याप यावयाचें आहे. अण्णा रोज विचारतात, आणि पुतण्या रोज सांगतो कीं मी पाठपुरावा करतों आहें. दोघेहि आतां एका पंगतीला बोलत जेवतात.

ज्या कामाला कोणाचा पैसा लागत नव्हता, तें मात्र आत्याबाईंनीं परतल्याच्या आठवड्यांत उरकलें. परसांत पारिजातकाजवळ निर्माल्याचा खड्डा खणविला. चैत्रगौरीचीं फुलें त्यांत पडलीं. शेजारच्या दोन घरांनीं विचारपूस केली आणि आतां त्यांचेंहि निर्माल्य तेथेंच येतें.

याच सुमारास वर्तमानपत्रांत एक बातमी वाचली. २०२१ सालीं ओडिशाच्या किनाऱ्यावर एका कासवाच्या पुढील पायास क्रमांकाची पट्टी बसविली होती. तेंच कासव जानेवारी २०२५ मध्यें गुहागरला अंडीं घालून गेलें. अंतर सुमारें साडेतीन हजार किलोमीटर. म्हणजे आम्ही वेळासच्या वाळूंत उभे होतों, तेव्हां थोड्याच अंतरावर पूर्वसमुद्राची एक लेक पश्चिमेला बाळंत होऊन गेलेली होती. आम्हीं बातमी मोठ्यानें वाचून दाखविली. आत्याबाईंनीं ती दोनदां वाचावयास लाविली, आणि पुढल्या फाल्गुनांत गुहागरला जावयाचें, असें तेव्हांच ठरवून टाकलें.